'शर्ट' आणि 'स्कर्ट' : एका जर्मानिक शब्दाच्या दोन वाटा

प्रस्तावना

शिलालेख, नाणी व दानपत्रे ही इतिहासाची मान्यताप्राप्त साधने होत. त्या तुलनेत दैनंदिन व्यवहारातील शब्दांकडे साधन म्हणून कमी लक्ष दिले जाते. इंग्रजीतून मराठीत रुळलेल्या 'शर्ट' व 'स्कर्ट' या शब्दांच्या आधारे मध्ययुगीन इंग्लंडमधील समाजसंपर्काचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन

हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. 'आखूड' या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक शब्दापासून 'आखूड वस्त्र' या अर्थाचे नाम सिद्ध झाले. इंग्रजीतील 'शॉर्ट' हा शब्दही याच कुळातील होय. जुन्या इंग्रजीत आरंभीच्या 'स्क' या जोडध्वनीचा 'श' झाला व 'शर्ट' हे रूप पुढे आले. स्कँडिनेव्हियातील नॉर्स भाषेत मात्र 'स्क' टिकून राहिला. तेथे या वस्त्राला 'स्क्युर्ता' म्हणत.

इ. स. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. इ. स. ८६५ मध्ये त्यांचे मोठे सैन्य इंग्लंडमध्ये उतरले आणि इ. स. ८७६ मध्ये त्यांनी नॉर्थंब्रियातील जमिनी आपसांत वाटून घेऊन शेती आरंभली. उत्तर व पूर्व इंग्लंडच्या या वसाहतक्षेत्राला पुढे 'डेनलॉ' असे नाव मिळाले. तेथील संपर्कातून नॉर्स शब्द इंग्रजीत शिरला. मूळ शब्दही लोपला नाही. परिणामी अर्थाची विभागणी झाली : अंगात घालावयाचा तो 'शर्ट' आणि वस्त्राचा कमरेखालील भाग तो 'स्कर्ट'.

हे उदाहरण एकाकी नाही. 'स्काय', 'स्किन', 'एग', 'हजबंड' हे शब्द, इतकेच नव्हे तर 'दे' हे सर्वनामही नॉर्समधून आले. मठवासीयांच्या बखरींत जाळपोळ व कत्तली यांच्या नोंदी ठळक आहेत. परंतु अंडे, कातडी, नवरा, वस्त्र यांची नावे केवळ तलवारीच्या बळावर रुजत नाहीत. त्यासाठी शेजार, बाजार आणि सोयरीक लागते. दोन्ही भाषा सगोत्र असल्याने ही देवघेव अधिक सुकर झाली.

निष्कर्ष

बखरींतील संघर्ष खरा आहे, तसेच शब्दांनी जपलेले सहजीवनही खरे आहे. एकाच साधनावर विसंबल्यास इतिहासाची एकच बाजू हाती लागते. या शब्दांचा दूरचा धागा मराठीशीही जुळतो. 'कापणे' या अर्थाच्या ज्या इंडो-युरोपीय धातूकडे अभ्यासक त्यांचे मूळ नेतात, त्याच धातूशी संस्कृत 'कर्तरी' व त्यावरून आलेली मराठी 'कात्री' संबंधित आहेत.