आत्मघात आणि समाज : श्रीलंकेचा धडा

कोणी आत्महत्या केली असें कानीं पडतांच आपल्या तोंडून बहुधा दोन उद्गार निघतात : 'भित्रा होता', किंवा 'नशीब त्याचें'. पहिल्यांत दोष माणसाचा, दुसऱ्यांत दैवाचा. समाज मात्र दोहोंतून सुटतो. इतिहास त्यास इतक्या सहज सोडीत नाहीं, हें दाखविण्याचा आमचा येथें विचार आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्युर्केम यानें १८९७ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या देशांचे सरकारी आंकडे तपासतां त्यास असें आढळलें कीं, प्रत्येक समाजांत आत्महत्यांचें प्रमाण बरेंचसें ठरीव असतें. विवाहितांपेक्षां अविवाहितांत तें अधिक असतें, आणि आर्थिक अरिष्टाच्या काळांत तें वाढतें. माणसास कुटुंबाशीं व समाजाशीं बांधणारे धागे सैल झाले कीं धोका वाढतो, हा त्याचा निष्कर्ष. त्याचे कांहीं तपशील पुढें वादग्रस्त ठरले. पण ज्यास आपण अगदीं खाजगी दुःख समजतों त्याचीं मुळें सार्वजनिक जीवनांतही असतात, हा त्याचा सिद्धांत टिकून राहिला.

परंतु कारण कळलें म्हणजे उपाय सांपडलाच असें नव्हे. दारिद्र्य, कर्ज, दारू, एकटेपणा हीं एका कायद्यानें नाहींशीं होत नाहींत. मग तोंवर हातपाय गाळून बसावें काय? याचें उत्तर श्रीलंकेच्या अलीकडील इतिहासांत सांपडतें.

१९९५ च्या सुमारास तेथें दर लाख लोकांमागें वर्षास सुमारें ४७ जण आत्महत्येनें मरत. खेड्यापाड्यांत शेतीचीं जालीम कीटकनाशकें घरांतच ठेवलेलीं असत, आणि भांडणाच्या किंवा निराशेच्या एका घटकेंत माणूस हातचा जाई. सरकारनें १९८४ व १९९५ सालीं, आणि त्यानंतरही, अत्यंत घातक औषधांवर क्रमाक्रमानें बंदी घातली. १९९८ सालीं आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानण्याचेंही सोडून दिलें. २०१५ पर्यंत आत्महत्यांचें प्रमाण सुमारें ७० टक्क्यांनीं घटलें. या अवधींत यादवी युद्ध २००९ पर्यंत चालूच होतें, आणि गरिबीही सरली नव्हती. बंदीमुळें भाताचें पीक बुडालें असेंही झालें नाहीं. विषबाधा होऊन रुग्णालयांत येणारांची संख्या कांहीं लगेच घटली नाहीं; पण आलेले वांचूं लागले. शिवाय ती घटका टळून वांचलेल्यांपैकीं बहुतेक जण पुढें आत्महत्येनें मरत नाहींत, असा अनेक देशांचा अनुभव आहे. 'मरणारास कोण अडविणार?' ही आपली समजूत येथें खोटी ठरते.

विदर्भ-मराठवाड्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांची कहाणी वाचकांस ठाऊकच आहे. कर्ज व बाजारभाव यांचा प्रश्न सुटलाच पाहिजे. पण तो सुटेपर्यंत घरांतील विषाचा डबा तेथेंच राहूं द्यावा, असें मुळींच नाहीं. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें अशा माणसास शिक्षेऐवजीं उपचार व आधार देण्याचें तत्त्व मान्य केलें. २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनि-क्रमांकावर विनामूल्य साहाय्यही मिळूं लागलें. आपण मात्र अजून अशा घरच्यांविषयीं कुजबुजतों, आणि ज्याच्या मनांत तो विचार घोळत असावा त्यास उघड विचारावयास भितों. विचारल्यानें तो विचार बळावत नाहीं. उलट मन मोकळें करावयास कोणी मिळालें, एवढ्यानेंच पुष्कळांस धीर येतो. कायदे सरकारनें करावे. हें विचारण्याचें काम मात्र आप्तांनीं व शेजाऱ्यांनींच केलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.