पडद्याआडची नाडी

१६७५ च्या उन्हाळ्यात मुंबईचा एक इंग्रज डॉक्टर घाट चढून आमच्या जुन्नरला आला. जॉन फ्रायर त्याचं नाव. जुन्नर तेव्हा मोगलांचं होतं. इथल्या मोगल सुभेदाराच्या जनान्यात एक बाई आजारी होती, म्हणून त्याने मुंबईला निरोप धाडून वैद्य मागवला, आणि मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने फ्रायरला पाठवलं.

फ्रायरने पुढे प्रवासाचं मोठं पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रसंग आहे. त्याला आत नेलं. पलंगाभोवती रेशमी पडदे सोडलेले. पडद्यातून एक हात बाहेर आला. त्याने नाडी धरली आणि सांगितलं, ही बाई ठणठणीत आहे. आत कुजबुज झाली, कारण तो हात आजारी बाईचा नव्हताच, एका दासीचा होता. परक्याची परीक्षा घेतली होती. मग दुसरा हात बाहेर आला, मंद नाडीचा, आणि खरी बोलणी तिथून सुरू झाली. फ्रायर वैद्य होता हे खरंच, पण मला तो त्या क्षणी वकील, म्हणजे राजदूत, वाटतो. आजारी म्हणून बोलावलंय तर आजारीच म्हणावं, असा सोपा रस्ता समोर होता. त्याने बोटांखाली जे लागलं तेच सांगितलं.

हे वाचलं तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. गाव त्यांना तात्या म्हणायचं. सोयरीक जुळवायची असो, बांधाचं भांडण असो की पाटाच्या पाण्याची पाळी, दोन्हीकडचे लोक तात्यांना मध्ये घालायचे. निघायच्या आदल्या रात्री ते ओसरीवर बसून निरोप स्वतःशीच म्हणून बघायचे, पाठ असल्यासारखा. आजी सांगायची, "ह्यांनी निरोपात कधी आपलं मीठ घातलं नाही. गोड असो, कडू असो, दिला तसा पोचवायचे."

आजीचं माहेर जुन्या आंबेगावचं. ते गाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे तिच्या गोष्टींतली घोड नदी, घाट आणि वाडे मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, फक्त तिच्या तोंडून ऐकलेत. त्यातली एक गोष्ट तिने मला किती वेळा सांगितली, मोजता येणार नाही.

तात्यांच्या चुलतबहिणीची लेक सासरी होती. सहा महिने तिचा निरोप नाही की सणाला येणं नाही. माहेरची तरणी पोरं काठ्या घेऊन निघाली होती. तात्यांनी त्यांना थांबवलं आणि एकटेच गेले. सासरच्यांनी पाट मांडला, गूळपाणी दिलं. पोरगी कुठंय म्हटल्यावर कुणी म्हणे रानात गेलीय, कुणी म्हणे आत झोपलीय. एक बाई पदर पुढे ओढून दारात येऊन उभी राहिली आणि लगेच आत गेली. "बघा, बरी आहे की." तात्या ओळखून होते, ती जाऊ होती. ते गूळपाण्याला हात न लावता एवढंच म्हणाले, "उन्हातून आलोय. लेकीच्या हातचं पाणी पितो आन् निघतो."

आता दारी आलेल्या पाहुण्याला पाणी नाही कसं म्हणायचं? घरात बराच वेळ शांतता पसरली. मग पोर फुलपात्र घेऊन बाहेर आली. आजी इथे थांबायची आणि स्वतःचं मनगट पुढे करून दोन बोटांत धरून दाखवायची. "एवढंसं राह्यलं होतं. फुलपात्रातलं पाणी हिंदकळत होतं." तात्यांनी पाणी पिऊन टाकलं. वर आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. घरातल्या म्हाताऱ्याला म्हणाले, पोरीला हवापालटाला महिनाभर नेतो, तुमच्याच माणसानं पोचवायला यावं, म्हणजे चारचौघांत तुमचा मान राहील. पोर तिसऱ्या दिवशी माहेरी आली, सासरच्या माणसाबरोबर, बैलगाडीतून. "आरं, भांडाया गेलं असतं तर काठ्या चालल्या असत्या, आन् पोर तिथंच राह्यली असती," आजी म्हणायची.

राजांचे वकील याहून वेगळं काय करत होते? फ्रायर जुन्नरला आला त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १६७४ च्या मे महिन्यात, आँजियरचाच दुसरा माणूस, हेन्री ऑक्झिंडेन, रायगडावर गेला होता. बोलण्यासाठी सोबत नारायण शेणवी. राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ जूनला, दरबारात नजराण्याची अंगठी उंच धरून शिवाजी महाराजांना लांबून दाखवली ती शेणव्यांनी. पण खरं काम आधीच्या दिवसांत, महाराजांच्या निराजीपंतांशी बसून झालं होतं. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई म्हणून दहा हजार होन ठरले. जंजिऱ्याच्या सिद्दीशी समेट करा ही इंग्रजांची विनंती मात्र साफ नाकारली गेली. आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत करावा, या मागणीवर मराठ्यांचं उत्तर मला फार आवडतं: ही कोकणची जुनी वहिवाट आहे, आणि तुम्हाला दिलं तर फ्रेंच आणि डच उद्या हेच मागतील. समोरच्याशी बोलताना जो समोर नाही त्याचाही विचार करायचा, हे त्या उत्तरात आहे. आज कुठल्याही देशाचं परराष्ट्र खातं कराराच्या मसुद्यातला एकेक शब्द याच भीतीने तासत असतं.

आणि त्याच मुंबईकरांनी वर्षाच्या आत आपला डॉक्टर महाराजांच्या शत्रूकडे, मोगलांच्या जुन्नरला पाठवला. वाटेत कल्याण लागायचं, ते मराठ्यांचं. म्हणजे एका राज्यातून चालत दुसऱ्या राज्यात जायचं, आणि ती दोन्ही राज्यं एकमेकांशी लढत होती. तरी डॉक्टर सुखरूप गेला आणि सुखरूप परतला. वकिलाच्या, वैद्याच्या, निरोप्याच्या केसाला धक्का लावायचा नाही, हा संकेत लढाईतही जिवंत होता. जगातल्या देशांनी १८ एप्रिल १९६१ रोजी व्हिएन्नात जो करार केला, त्याच्या २९ व्या कलमात हेच लिहिलंय: राजदूताला अटक करता येणार नाही, त्याच्या अंगाला हात लावता येणार नाही. आमच्या घाटवाटांना हे कलम लिहून दाखवावं लागलं नव्हतं.

जुन्नरला परका माणूस नवा नव्हता. आमच्या लेण्यांतल्या शिलालेखांत यवनांनी दिलेली दानं कोरलेली आहेत. मानमोडीच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचं नाव आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आजोबांनीच मला पहिल्यांदा दाखवला, जकातीची नाणी यात पडायची म्हणून. मी आत वाकून बघितलं, पावसाचं पाणी आणि पानं होती.

फ्रायरला किल्लेदाराने शिवनेरीवर नेलं. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढा साठा वर आहे, असं त्याला सांगण्यात आलं. पाहुण्याला हे मुद्दाम सांगायचं असतं. तो खाली उतरेल, वाटेत बोलेल, आणि ती गोष्ट बरोबर जिथे जायला हवी तिथे, रायगडापर्यंत जाईल. महाराज या गडावर जन्मले, पण त्यांच्या हयातीत हा गड स्वराज्यात आला नाही. १६५७ मध्ये रात्रीच्या अंधारात दोराच्या शिड्यांनी तट चढून त्यांनी जुन्नर शहर लुटलं होतं, आणि त्याच वर्षी औरंगजेबाकडे रघुनाथपंत कोरडे वकील म्हणून रवाना झाले. शाळेत आम्हाला शिड्यांची गोष्ट शिकवली. पंतांची नाही शिकवली, याचं मला अजून वाईट वाटतं. जुन्नरची लूट ताजी असताना औरंगजेबाच्या छावणीत उभं राहून बोलायला शिडी चढण्याइतकीच छाती लागली असेल.

फ्रायरने आणखी एक टिपलंय. दख्खनची लढाई ही मोगल सरदारांची रोजीरोटी होती. ती संपली तर फौज कमी होणार, मान कमी होणार, म्हणून ती मिटू नये असंच त्यांना वाटायचं. आमच्या गावात बांधाचं एक भांडण तीन पिढ्या चाललं, ते अशाच कारणाने. ते मिटायला लागलं की कुणीतरी मध्ये येऊन खोडा घालायचा, कारण त्या भांडणावरच त्याचं गावातलं वजन होतं. तात्या त्या एका भांडणात हरले. ते त्यांना शेवटपर्यंत बोचत राहिलं.

फ्रायर येताना अवघड घाटाने चढला होता, जाताना नाणेघाटाने उतरला. त्याच्या नाडीच्या गोष्टीतली ती बाई पुढे कशी झाली, याचा विचार माझ्या मनात येत राहतो.

तात्यांनी आणलेली पोर, माझी आत्या, महिन्याऐवजी वर्षभर माहेरी राहिली आणि मग सासरी नांदायला गेली, मानाने. मी तिला म्हातारपणी पाहिलंय. आमच्याकडे आली की दारात कुणीही येवो, भांडी घेऊन सुना उठायच्या आत तीच उठायची. फुलपात्र काठोकाठ भरायची, आणि पाहुण्याचं पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची.