‘पलायनकर’ : जर्मनीतील एका करसंज्ञेचा इतिहास

देश सोडून जाणाऱ्या प्रजाजनाच्या संपत्तीतून राज्याने वाटा ठेवून घेण्याची प्रथा युरोपात जुनी आहे. जर्मन नगरांत एखादा नागरिक आपला व्यवसाय आवरून दुसऱ्या अधिकारक्षेत्रात वस्तीस निघाला, की त्याच्या मालमत्तेचा काही अंश वसूल केला जाई. लॅटिन दस्तऐवजांत यास ‘गाबेला एमिग्रात्सिओनिस’, म्हणजे देशांतराचा कर, ही संज्ञा आढळते; जर्मन भाषेत ‘आब्त्सूग’ (वजावट) आणि ‘नाखश्टॉयर’ (मागाहूनचा कर) हे शब्द रूढ होते. ८ जून १८१५ रोजीच्या जर्मन संघाच्या सनदेतील १८ व्या कलमाने संघांतर्गत स्थलांतरापुरता हा कर रद्द केला. या जुन्या संज्ञा हिशेबाच्या आहेत. जाणाऱ्यास त्या दूषण देत नाहीत.

‘फ्लुख्ट’, म्हणजे पळ काढणे, हा शब्द या क्षेत्रातील कायद्याच्या नावात आला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या ‘करपलायनविरोधी’ कायद्याने. नावातील बदल वाटतो तितका किरकोळ नव्हे. मराठी कागदपत्रांत जुलमामुळे गाव सोडणारी रयत ‘परागंदा’ होते. या फारसी शब्दाचा मूळ अर्थ ‘विखुरलेला’ एवढाच असून अशा रयतेस कौल देऊन परत बोलावले जाई. ‘पलायन’ म्हटले की जाणारा आरंभापासूनच अपराधी ठरतो.

ही शब्दयोजना पुढे किती उपयोगी पडली, ते १९३१ नंतरच्या घटनांवरून दिसते. त्या वर्षी जुलैमध्ये जर्मन बँका कोसळल्या व परकीय चलनावर निर्बंध आले. ८ डिसेंबर १९३१ रोजी ब्रूनिंग मंत्रिमंडळाने राष्ट्राध्यक्षांच्या आणीबाणीच्या वटहुकुमाद्वारे ‘राइख्सफ्लुख्टश्टॉयर’, म्हणजे राष्ट्रीय पलायनकर, बसविला. ज्याची मालमत्ता २,००,००० मार्कांहून वा वार्षिक उत्पन्न २०,००० मार्कांहून अधिक आहे, अशा नागरिकाने जर्मनीतील वास्तव्य सोडल्यास एकूण मालमत्तेच्या २५ टक्के कर द्यावयाचा होता. रोख धनिकांवर होता, मुदतही अल्पच ठेविली होती. छोटा दुकानदार त्या कक्षेत नव्हता.

१९३३ मध्ये नात्सी पक्ष सत्तारूढ झाल्यावर कायद्याची मुदत वाढत गेली, आणि १८ मे १९३४ च्या दुरुस्तीने मालमत्तेची मर्यादा ५०,००० मार्कांवर आणली. कर मर्यादेवरील भागावर नसून संपूर्ण मालमत्तेवर असल्याने, राहते घर व पेढी मिळून ही मर्यादा ओलांडणारा मध्यम व्यापारीही आता त्यात सापडला. शिवाय एखादी व्यक्ती देश सोडणार असा नुसता संशय आला, तरी करकचेरीस तिच्याकडून आगाऊ तारण मागता येऊ लागले.

आकडे मांडून पाहिल्यास याचा अर्थ उलगडतो. एका व्यापाऱ्याची मालमत्ता ६०,००० मार्कांची आकारली होती व ती त्याच किमतीस विकली गेली, असे धरू. (वस्तुतः ज्यू व्यापाऱ्यास अशी किंमत क्वचितच मिळे, परंतु कर आकारणीच्या मूल्यावरच बसे.) १५,००० मार्क पलायनकरात गेल्यावर उरलेले ४५,००० मार्क गोठविलेल्या खात्यात जमा होत. त्यांचे परकीय चलन करावयाचे तर ते गोल्डडिस्कोंटबँकेमार्फत, कसर सोसून. ही कसर जानेवारी १९३४ मध्ये २० टक्के होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ६५, ऑक्टोबर १९३६ मध्ये ८१, जून १९३८ मध्ये ९० आणि सप्टेंबर १९३९ मध्ये ९६ टक्के झाली. म्हणजे १९३८ च्या उन्हाळ्यात त्या व्यापाऱ्याच्या हाती ४,५०० मार्कांचे परकीय चलन उरावयाचे. त्याच वर्षी १२ नोव्हेंबर रोजी ज्यूंवर १०० कोटी मार्कांचा निराळा दंड बसला व १ जानेवारी १९३९ पासून त्यांना किरकोळ दुकाने चालविण्यास बंदी झाली. इकडे अमेरिकेसारखे देश, नवागत सार्वजनिक मदतीवर भार होईल अशी शंका येताच त्यास प्रवेश नाकारीत. ज्यूंनी निघून जावे असे म्हणणारे राज्यच, जाण्यास लागणारे साधन काढून घेत होते.

कराचे उत्पन्न १९३२–३३ मध्ये सुमारे १० लाख मार्क होते. १९३८–३९ मध्ये, ऑस्ट्रियासही कायदा लागू झाल्यावर, ते ३४ कोटी २० लाखांवर गेले.

या कायद्याच्या संहितेत ‘ज्यू’ हा शब्दच नव्हता, आणि त्याची गरजही पडली नाही. ज्याने कर भरला नाही, त्याच्या नावे ‘श्टॉयरश्टेकब्रीफ’, म्हणजे कर-फरारीचे पकडपत्र, राजपत्रात प्रसिद्ध होई. सर्व भरणा केलेल्यास मिळणाऱ्या दाखल्याच्या नावात ‘उनबेडेंक्लिख’ हे विशेषण असे. ‘ज्याविषयी शंकेस जागा नाही असा’ हा त्याचा शब्दशः अर्थ. आपल्याकडील ‘नाहरकत’ त्याच्या पुष्कळ जवळचा आहे. हाकलून लावलेल्या मनुष्यास कागदोपत्री पळपुटा ठरवावयाचे आणि सर्वस्व घेऊन झाल्यावर निःशंक म्हणून प्रमाणित करावयाचे, हे कार्य एका नित्याच्या कारकुनी परिभाषेने पार पाडले. कर वायमार काळातील म्हणून तो नात्सी अन्याय नव्हे, हा युद्धोत्तर काळात पुढे आलेला युक्तिवाद कायद्याच्या जन्मतारखेकडे पाहतो, त्याच्या वापराकडे नाही. म्हणून तो अपुरा आहे.

पश्चिम जर्मनीत हा कायदा १९५३ मध्ये औपचारिकपणे रद्द झाला. १९५६ च्या नुकसानभरपाई कायद्याने छळग्रस्तांकडून घेतलेला पलायनकर भरपाईस पात्र अशा ‘झोंडरआबगाबेन’, म्हणजे विशेष आकारांत गणला. १९७२ मध्ये कंपन्यांत मोठा भागहिस्सा असलेल्या व देश सोडणाऱ्या व्यक्तींवर पश्चिम जर्मनीत नव्याने कर बसला. हेल्मुट होर्टेन हा विभागीय दुकानांचा मालक स्वित्झर्लंडला गेला व मग त्याने आपली कंपनी विकली, हे त्याचे निमित्त मानले जाते. याच होर्टेनने १९३६ मध्ये डुइसबुर्ग येथील आल्सबेर्ग हे ज्यू मालकांचे दुकान घेऊन धंद्यास आरंभ केला होता. नव्या करासाठी ‘फ्लुख्ट’ हा शब्द मात्र घेतला गेला नाही. त्यास ‘वेग्त्सूग’चा, म्हणजे केवळ निघून जाण्याचा, कर म्हणतात.