साथीच्या दिवसांतील आई

सन १८९७ मध्ये पुण्याकडे प्लेगची साथ होती. तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात नेले. त्यांनाही लागण झाली व १० मार्च रोजी त्या वारल्या. दुसऱ्याचे लेकरू त्यांनी आपले मानले.

सन २०२० मध्ये कोरोना आला. शाळा बंद, दारे बंद. स्वयंपाक, सासूबाईंचे औषधपाणी आणि मोबाईलवरचे मुलांचे धडे, सारे एकटीवर. मी सातवी शिकलेली. गणित सुटेना, म्हणून धाकट्यावर हात उगारला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. शेजारच्या वहिनीही तशाच रडत होत्या, हे मागाहून कळले.

पुन्हा साथ आलीच, तर खिडकीतून तरी एकमेकींना रोज हाक मारू या.