तपकिरीला बाटली कशाला?

तपकीर म्हटलं की तुम्हाला डबी आठवेल. युरोपातही डबीच होती. मग चीनमध्ये बाटली का? उत्तर हवेत आहे. तपकीर म्हणजे तंबाखूची बारीक पूड. दमट हवेत ती पाणी शोषते, तिच्या गुठळ्या होतात. म्हणून चिनी लोकांनी औषधाच्या कुप्या वापरल्या: अरुंद तोंड, घट्ट बूच आणि बुचालाच जोडलेला इवलासा चमचा.

१६९६ मध्ये कांगशी सम्राटाने बीजिंगमध्ये काचेचा कारखाना काढला. तो उभारला किलियन श्टुम्फ या जर्मन जेझुइट पाद्र्याने. काचेसोबत जेड, अकीक, चिनी मातीच्याही कुप्या घडल्या.

१९ व्या शतकात मात्र गंमत झाली. कारागीर काच आतून खरखरीत करून, वाकड्या टोकाच्या लेखणीने आतल्या बाजूला चित्रं काढू लागले. अक्षरं उलटी लिहायची, पुढचं आधी रंगवायचं, मागचं नंतर! अशा कुपीत तपकीर भरणं म्हणजे चित्राच्याच मुळावर येणं. वापरायची वस्तू बघायची झाली.

१९१२ मध्ये छिंग राजवट संपली, तपकिरीची चालही ओसरली. कुप्या उरल्या संग्राहकांच्या कपाटात. संग्रहालयात अशी कुपी दिसली, तर चित्राआधी तिचं तोंड आणि बूच बघा. तिचा खरा इतिहास तिथे आहे.