धार आणि जवारी : मिरजेच्या शिकलगारांची गोष्ट

मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पैठणीला, कोल्हापुरी चपलेला जो मान आहे तोच आता या वाद्यांनाही. बातमी आली, दोन दिवस फिरली आणि विरली. मला मात्र त्या बातमीपेक्षा तिच्या मागचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो. तो मराठी इतिहास आहे, मुसलमान कारागिरांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात एका मोडक्या वाद्याच्या दुरुस्तीपासून होते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून शब्दापासूनच सुरू करतो. 'शिकलगार' हे आडनाव आपल्याकडे गावोगाव आहे. मूळ शब्द 'सैकलगर'. अरबीत 'सैकल' म्हणजे झिलई, चकाकी, आणि फारसी 'गर' म्हणजे करणारा. धातूला धार आणि चमक देणारा तो सैकलगर, मराठीच्या तोंडी रुळून झाला शिकलगार. तलवारी, भाले, खंजीर यांना पाणी देणं, धार लावणं हे त्यांचं काम. फौजा होत्या तोवर या हातांना उसंत नव्हती.

१८१८ साली पेशवाई संपली. संस्थानं उरली, पण लढाया उरल्या नाहीत. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्यानं तर सामान्य माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणंच अवघड केलं. ज्यांचं पोट तलवारीवर, त्यांनी करायचं काय? काहींनी कात्र्या-विळ्या धरल्या, काहींनी कुलपं. मिरजेतल्या काहींनी वाद्यं धरली.

मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. दरबारात गाणं होतं, गवई येत-जात होते, त्यांची वाद्यं उत्तरेतून येत. प्रवासात भोपळा तडकायचा, दांडी वाकायची, खुंटी सैल व्हायची. दुरुस्त करणारं जवळ कुणी नाही. तेव्हा हातात कसब असलेल्या शिकलगारांकडे ती वाद्यं आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम हाती घेतलं आणि मिरजेच्या वाद्यनिर्मितीचे ते मूळपुरुष मानले जातात. आधी दुरुस्ती, मग दुरुस्त करता करता आतलं शास्त्र कळलं, मग नवा तंबोरा, मग सतार. हळूहळू घराण्याचं आडनावच बदललं. शिकलगाराचे सतारमेकर झाले. फारसी 'सेह-तार', म्हणजे तीन तारा, आणि पुढे इंग्रजी 'मेकर'. एका आडनावात तीन भाषांचा इतिहास मावतो तो असा.

तलवारीचा माणूस तंबोऱ्याकडे वळला याचं नवल वाटतं, पण काम पाहिलं की ते नवल उरत नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाकडाची तबली बसवतात, तबलीवर घोडी असते आणि घोडीवरून तारा जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित गोलाईचा असतो. तार त्यावर टेकत टेकत कंप पावते, म्हणून एका सुरातून अनेक सूर उमलतात, ती गुंजन करणारी आस निर्माण होते. याला जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून तो नाद नेमका पकडतात. ही गोलाई बिघडली की तंबोरा मुका होतो किंवा नुसता खरखरतो. ती दुरुस्त करायची तर कानशीनं घोडी घासायची, तीही केसाइतकी. एक हात जास्त पडला तर काम गेलं. पात्याला धार लावणाऱ्याचं कौशल्य दुसरं काय असतं? किती घासायचं आणि कुठे थांबायचं, हेच. हत्यार बदललं, हाताचं ज्ञान तेच राहिलं.

बाकी वाद्याला लागणारा मालही आपल्याच मुलखातला आहे. मोठे भोपळे सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. ते खाण्याचे नव्हेत. वेलीवर जून होऊ देतात, वाळवतात, मग कापून बिया काढतात, भिजवून आकार देतात. लाकूड मुख्यतः तुणीचं, तेही बरंचसं कर्नाटकातून. वरून लाखेची झिलई. म्हणजे शेतकरी, सुतार, नक्षीकाम करणारा, तारा चढवणारा असे अनेक हात एका वाद्यामागे असतात, आणि त्यांचा धर्म विचारत बसलं तर वाद्य कधीच पुरं व्हायचं नाही.

आता आमच्या बीड जिल्ह्याचा यात काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असं गाव शोधून सापडणार नाही. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, हा नेम. पहारेकरी बदलतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मिरजेत सतार-तंबोऱ्याबरोबर ही भजनी वीणाही बनते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावातली एक जुनी वीणा दुरुस्तीला न्यायची होती. भजनी मंडळातले एक माळकरी आजोबा आमच्या घरी आले. "सर, तुमच्या लोकांचं काम हाय ते, तुम्ही संगं चला," म्हणाले. गेलो. मिरजेच्या कारागिरानं वीणा मांडीवर घेतली. आधी तार छेडली नाही, बोटाच्या पेरानं तबलीवर टिचकी मारली आणि कान लावला. मग खुंट्या काढून त्यांची भोकं पाहिली, दांडीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. वाद्य कुणी बनवलं हे कागदावर लिहिलेलं नसतं. ते सांध्याच्या कापात, खुंटीच्या निमुळतेपणात, पट्टीवरच्या नक्षीत लिहिलेलं असतं. "आमच्याच गल्लीतलं काम आहे, दोन पिढ्यांपूर्वीचं," तो म्हणाला.

सांधा मधे कुणीतरी लोखंडी खिळे ठोकून, वर लांबी भरून पक्का केला होता. कारागिरानं पहिलं काम केलं ते हे सगळं काढण्याचं. खिळ्यानं लाकूड जखडतं, ते हवेप्रमाणे फुगू-आकसू शकत नाही आणि शेजारी नवी चीर पडते, हे त्यानं आजोबांना समजावलं. जुनी झिलई मात्र खरवडू दिली नाही. आजोबांना वीणा नव्यासारखी चकचकीत हवी होती. तो म्हणाला, "बाबा, सूर नवा करून देतो, कातडं जुनंच राहू द्या. शंभर हात लागलेत त्याला." आजोबा गप्प झाले आणि मग हसले.

मला हा दुरुस्तीचा सगळ्यात मोठा नियम वाटतो. आधी ओळखायचं, मग हात लावायचा. आणि नंतरच्यांनी ठोकलेले खिळे काढायचे, पण काळानं चढवलेली झिलई जपायची. इतिहासाचंही तसंच आहे. आपल्या सामाईक इतिहासात अलीकडच्या काळात पुष्कळ खिळे ठोकले गेलेत.

मिरजेचं नाव निघालं की अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव येतंच. जन्म १८७२, उत्तरेतल्या कैरान्याचा. मिरजेत स्थिरावले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेच्या त्याच दर्ग्याच्या आवारात झालं. आजही उरुसात तिथे मोठमोठे कलावंत येऊन गातात. खाँसाहेब नुसते गवई नव्हते. वाद्यदुरुस्तीतही त्यांचा हात चालायचा, आणि श्रुतींच्या संशोधनात कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांच्याबरोबर त्यांचा सहभाग होता. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल. याच १८७२ साली कुरुंदवाडात विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले आणि ते गाणं शिकले मिरजेतच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. एका लहान शहरात एवढे सूर जमले, आणि या सुरांना तंबोरे पुरवणारी गल्ली तिथेच होती.

गवयांची नावं पुस्तकात आली. तंबोरा जुळवून देणाऱ्यांची आली नाहीत. मैफलीच्या फोटोत गवयामागे दोन तंबोरे दिसतात, त्यांच्या भोपळ्यांवरची वेलबुट्टी दिसते, ती काढणारा हात दिसत नाही. माझ्या वर्गातली मुलं शिकलगार, मणियार, तांबोळी, पिंजारी, आतार या घरांतली आहेत. त्यांना वाटतं, इतिहास म्हणजे बादशहा. बादशहावरून त्यांना बोल लावले जातात आणि ती बादशहाच्याच आडून उत्तर देतात. तुमचा इतिहास आतारच्या दुकानात आहे, पिंजाऱ्याच्या धनुकलीत आहे, शिकलगाराच्या कानशीत आहे, हे त्यांना सांगणारं कुणी हवं. ते सांगताना मला मराठी भाषा कमी पडत नाही आणि उर्दूही.

मानांकनानं मिरजेचं नाव सुरक्षित झालं, आता दुसऱ्या गावचं वाद्य 'मिरजेचं' म्हणून विकता येणार नाही. पण कसब कायद्यानं टिकत नाही. तंबोऱ्याची जागा इलेक्ट्रॉनिक पेटीनं घेतली, पेटीची जागा मोबाइलनं. बांबूची बासरी चिरली तर माणूस बहुधा नवी घेतो, तंबोरा मात्र नातवापर्यंत चालतो, पण त्यासाठी दर काही वर्षांनी जवारी काढणारा लागतो. तो हात तयार व्हायला उमेदीची वर्षं जातात आणि त्या वर्षांत मिळकत थोडी. सतारमेकरांची मुलंही आता शिकून नोकरी शोधतात, आणि त्यांना दोष कसा द्यायचा?

म्हणून एवढीच विनंती. तुमच्या गावच्या मंदिरात, दर्ग्यात, एखाद्या माळ्यावर जुनी वीणा, तंबोरा, सतार धूळ खात असेल तर ती भंगारात देऊ नका आणि गावातल्या गावात खिळेही मारू नका. मिरजेला न्या. कारागिराला त्याचं नाव विचारा, आणि ते नाव सप्ताहाच्या किंवा उरुसाच्या वहीत, देणगीदारांच्या शेजारी, लिहून ठेवा.