आगाशिवचे भिक्षू आणि खालची शेती

कराडला प्रीतिसंगमाच्या घाटावरून नैर्ऋत्येकडे पाहिले, की आगाशिवचा डोंगर दिसतो. त्याच्या कड्यांत साठाच्या वर बौद्ध लेणी आहेत. बर्जेसने ती ६३ मोजली. गावकरी ६४ म्हणतात. शाळेची सहल तिथे जाई, तेव्हा पांडवांनी ती एका रात्रीत खोदली असे आम्हाला सांगत. पुढे विहारांविषयी वाचू लागलो, तेव्हा पांडव मागे पडले आणि एक अगदी घरगुती प्रश्न उरला : इथले भिक्षू जेवत कशावर?

मठ आणि शेती म्हटले, की युरोपातले ट्रॅपिस्ट साधू आठवतात. सतराव्या शतकात नॉर्मंडीतल्या ला त्रापच्या मठात राँसेने जी शिस्त घातली, तिच्यात मौनाइतकेच अंगमेहनतीला मोल होते. केरळात वागमणजवळ १९५८ साली स्थापन झालेल्या कुरिसुमला आश्रमातल्या साधूंनी तर गाई पाळून दुधाचा व्यवसाय उभा केला. आगाशिवच्या भिक्षूंना मात्र कुदळ धरणेच वर्ज्य होते. जमीन खणणे आणि झाडपाला तोडणे, दोन्ही विनयाच्या नियमांत दोष ठरतात. वर्षावासाची प्रथाही शेतीशीच बांधलेली आहे : पावसाळ्यात फिरणारे भिक्षू हिरवी पिके तुडवतात अशी लोकांची तक्रार आली, म्हणून तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला, असे विनयपिटक सांगते. कृष्णा-कोयनेच्या काळ्या जमिनीत आषाढात पाय टाकून पाहिलेल्या माणसाला त्या तक्रारीत काही नवल वाटणार नाही.

म्हणजे डोंगरावरचा विहार खालच्या गावांच्या भिक्षेवर आणि दानावर चाले. दानात जमीनही येई. पण जमीन मिळाली म्हणून धान्य मिळेच असे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतला गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख मला यासाठी फार मोलाचा वाटतो. राजाने राज्यवर्ष १८ मध्ये भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले. वर्ष २४ मध्ये राजा आणि राजमाता गोवर्धनच्या अमात्याला कळवतात, की कखडी गावी पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावातही वस्ती नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजकीय जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत. राजाचे दानसुद्धा नांगर धरणारा नसेल तर पडीक राहते, हे दगडावर इतक्या सरळपणे क्वचितच लिहिलेले सापडते.

आगाशिववर असा लेख नाही. पुरता वाचता येणारा लेख एकच, तोही अगदी त्रोटक : गोपालाचा मुलगा संघमित्र याने दिलेले लेणे. मला कोडे पडते ते इथे. कऱ्हाडचे लोक कृपण खासच नव्हते. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपावर 'करहाकट' निगमाचे, म्हणजे नगराचे दान नोंदलेले आहे. कोकणातल्या कुडा इथे करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दिले. शेकडो कोसांवर नाव कोरून घेणारे नगर घरच्या डोंगरावर मुके का? खडक भरड आहे, कोरीव काम साधे आहे, अक्षरे झिजली असतील. पण मला आणखी एक शक्यता दिसते. परगावी दान दिले तर गाव सांगावे लागते; घरच्या डोंगरावर कोण कोणाला सांगणार? आणि रोजची मूठभर भिक्षा घालणाऱ्या शेतकरणीला तर ओळ कोरून घेण्याचे कारणच नव्हते. व्यापाऱ्याचे दान एकदाचे, म्हणून ते कोरले गेले. तिचे रोजचे होते.

पुढे भिक्षू गेले. कधी गेले याची तिथी नाही, पण लेणी ओस पडली नाहीत. डोंगरावर महादेव आला आणि एका लेण्यातल्या स्तूपाच्या दर्शनी अंगावर कुणीतरी विठोबा कोरला. संशोधकांनी याला मोडतोड म्हटले आहे, आणि पुरातत्त्वाच्या दृष्टीने ती आहेच. तरी आमच्या सहलीबरोबर आलेला शाळेचा शिपाई मला आठवतो. घरी माळ घालणारा, जिरायत शेती असलेला माणूस. त्याने त्या विठोबासमोर कनवटीची मूठभर ज्वारी ठेवली आणि मग चपला काढल्या नाहीत म्हणून आम्हाला दटावले.